पाणी चाखायचं कधी सोडलंत?

निळी पाचवीत माझ्या वर्गात आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. रंगाऱ्यांच्या गल्लीतली बहुतेक मुलं तशीच यायची. कुणाच्या नखांत लाल, कुणाच्या कानामागे पिवळा. हिच्या घरात मात्र तीन पिढ्या फक्त निळीचेच रांजण, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. शेजारी बसणाऱ्या मुलीने तक्रार केली, की हिच्यामुळे माझ्या वह्या खराब होतात. मुख्याध्यापकांनी तक्रारवही मागवली, स्वतःच्या ठळक अक्षरांत नोंद केली आणि निळीला खाली सही करायला सांगितलं. मधल्या सुट्टीत ती घरी जाऊन रांजण ढवळून आली होती. हात अजून ओले होते. तिने टाक घेतला नाही. उजवा पंजा त्या पानावर दाबला, मग डावा.

"झाली सही," म्हणाली.

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं.

त्या खिडकीतून नदीच्या पायऱ्या दिसायच्या. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी गल्लीतले रंगारी बादल्या घेऊन तिथे उतरत. बादली भरण्याआधी प्रत्येक जण पाण्यात एक बोट बुडवून ते जिभेला लावी, जरा थांबे, बाजूला थुंके आणि मगच पाणी भरी. पाणी जड आहे की हलकं, त्यात लोखंड उतरलंय का, चुना किती, हे त्यांना जिभेवर कळे आणि त्यावरून रांजणात काय किती घालायचं ते ठरे. निळीचे वडील तर चाखून सांगत, की वरच्या अंगाला पाऊस झालाय, उद्या गढूळ पाणी येणार. न चाखता बादली भरणाऱ्याला बाकीचे हसत. "काय रे, आज पाहुण्यांसारखा आलास?" असं विचारत.

सहामाहीला मी 'माझे वडील' हा निबंध घातला. निळीने दीड पान लिहिलं होतं. अक्षर वेडंवाकडं, पण एक वाक्य मला आजही पाठ आहे: 'माझे बाबा आधी रोज नदी चाखायचे, आता बोट हनुवटीला लावतात आणि खोटं खोटं थुंकतात.'

मी त्या वाक्यावर लाल रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन टेबलापाशी उभी. "बाई, हे का खोडलंत?"

"विषयाला सोडून आहे गं. आणि वडिलांबद्दल असं लिहिणं बरं दिसतं का?"

"विषय बाबाच होते ना? आणि मी रोज बघते. बरं दिसत नाही हे खरंय."

मी तिला जागेवर जाऊन बसायला सांगितलं. तेहतीस वर्षं मी शिकवलं, हजारो वाक्यांवर रेघा मारल्या, त्यांतल्या बहुतेक बरोबर होत्या. ही चुकली.

शाळा संपल्यावर निळीने रंगाच्या गोदामात नोकरी धरली. तोवर गल्लीत झाडपाल्याचे रंग जाऊन डब्यातले रंग आले होते. डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असे, की उघड्या हाताने हाताळू नये, वाहत्या पाण्यात ओतू नये. निळीचं काम गोदामाची चिठ्ठी डब्यावर चिकटवण्याचं. गोदामवाल्याने तिला जागासुद्धा दाखवून दिली होती, नेमकी त्या दोन ओळींवर. ती चार महिने टिकली. चार महिन्यांनी एका रंगाऱ्याने गोदामात येऊन विचारलं, "ओतू नये म्हणजे कुठे ओतायचं मग?" तेव्हा गोदामवाल्याला कळलं, की पोरीने पहिल्या दिवसापासून एकूण एक चिठ्ठी चार बोटं खाली चिकटवली आहे. त्याच संध्याकाळी तिला घरी बसवलं.

ती माझ्याकडे आली ती हसत. "बाई, माझं पहिलं लेखन लोकांनी वाचलं."

"त्यातलं एक अक्षर तरी तू लिहिलं होतंस का?"

"नाही. पण झाकलं तरी नाही."

तिच्या सगळ्या लेखनाचं सार या एका वाक्यात आलं, असं मला वाटतं. पण तेव्हा मी तिला चहा दिला आणि दुसरी नोकरी शोध म्हणून सांगितलं.

ती नोकरी तिला एका साप्ताहिकात मिळाली. आधी छोट्या जाहिराती आणि निधनाच्या बातम्या. चार ओळींत माणूस बसवायची कला तिथेच शिकले, असं ती सांगते. पुढे संपादकांच्या लक्षात आलं, की ही रंगाऱ्यांची मुलगी आहे आणि हिला गोष्टी सांगता येतात. त्यांनी सदर दिलं. त्यात तिने आजोबांचे रांजण, दोरीवर वाळणाऱ्या ताग्यांचे रंग, पिळताना बायका एकमेकींना मारतात ते टोमणे, असं सगळं लिहिलं. वाचकांची पत्रं आली. 'आमचं लहानपण आठवलं' असं लोक लिहीत. त्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात रांजण पाहिलेला नव्हता, पण ते जाऊ द्या.

मग तिने बदकांबद्दल लिहिलं. आमच्या नदीवर पांढरी बदकं असायची आणि गल्लीत ज्या दिवशी जो रंग असेल त्या रंगाची त्यांची पोटं होत. शाळेत येताना मुलं पैजा लावत, आज बदकं लाल की हिरवी. मीसुद्धा हसायचे. निळीने लिहिलं, की एका वर्षी बदकं आलीच नाहीत, आणि पैजा बंद झाल्या तरी महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. संपादकांनी पहिला अर्धा भाग छापला. आली नाहीत, हा भाग कापला.

"लोकांना सकाळच्या चहाबरोबर वाचायचं असतं गं," संपादक म्हणाले.

"चहाला पाणी लागतंच की," निळी म्हणाली.

तरीही तिने सदर सोडलं नाही. सोडलं ते फोटोवरून. वर्षपूर्तीच्या अंकात तिचा मोठा फोटो छापायचा होता. फोटोवाला आला, तिला खिडकीशी बसवलं, हात पुढे घ्यायला सांगितले आणि पिशवीतून निळ्या शाईची बाटली काढली.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"ताई, हात गोरे दिसतायत. सदराशी जुळत नाहीत."

"पाच वर्षं झाली रांजण सोडून. आता हात असेच आहेत."

"दोन मिनिटांचं काम. साबणाने निघते."

"मग नकोच," निळी म्हणाली. "माझ्या आजीचा रंग तिच्या मरणापर्यंत निघाला नव्हता. हात माझे आणि शाई तुमची, असला फोटो मी नाही देणार."

संपादकांनी समजावलं. लोकांना तुझी ओळख पटली पाहिजे, म्हणाले. ती म्हणाली, ओळख मला पटलेली आहे, तेवढं पुरे. तिने दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि फोटोवाल्याला म्हणाली, "काढा असा." तो फोटो छापला गेला नाही आणि सदरही त्या अंकात संपलं.

आता कारखान्याकडे येते, कारण पुस्तक त्यामुळे झालं.

निळी शाळा सोडून गेली त्या सुमारास नदीच्या वरच्या अंगाला कापड कारखाना उभा राहिला होता. त्याचं काम वाढत गेलं तसं पाणी बिघडत गेलं. पायऱ्यांवर फेस साचू लागला, रंगाऱ्यांच्या हातांना भेगा पडल्या, ताग्यांवर डाग उठू लागले. शेवटी गल्लीतल्या संघाने कारखान्याविरुद्ध सरकारकडे तक्रार केली. संघाचे अध्यक्ष निळीचे सख्खे मामा. आवाज मोठा, मन बरं, राग नाकावर. पंचवीस वर्षं त्यांनी गल्लीची भांडणं निस्तरलेली. त्यांनीच भाचीला बोलावून घेतलं.

"तू लिही," म्हणाले. "आपल्या लोकांचं, आपल्या नदीचं पुस्तक लिही. असं लिही की कारखानेवाल्यांना तोंड दाखवायला जागा राहू नये. प्रकाशक मी शोधतो."

आणि त्यांनी खरोखरच मोठा प्रकाशक शोधला. निळीने गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली घेतली. खालून गरम कपड्यांचा वास, वर हिचे टेबलभर कागद. तीन वर्षं ती तिथे होती.

पुस्तकासाठी ती घरोघर गेली. पाण्याचे अहवाल, डॉक्टरांचे दाखले तिने जमवलेच, पण तिला दुसरंच काहीतरी हवं होतं. प्रत्येक घरात ती एक प्रश्न विचारी: पाणी चाखायचं कधी सोडलंत?

पहिल्या घरातले आजोबा चपापले. "कुणी सोडलं? मी तर आत्ता आत्तापर्यंत..." मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. जिभेला फोड आला होता. तेव्हापासून नुसतं नाटक करायचो. बाकीचे चाखतायत आणि आपणच भित्रे, असं दिसायला नको म्हणून."

दुसऱ्या घरातही तेच. तिसऱ्यातही. गल्लीत एकतीस घरं. निळी मला सांगायला आली तेव्हा तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"बाई, सगळेच! कितीतरी वर्षं रोज सकाळी सगळी गल्ली एकमेकांसाठी खोटं थुंकत होती. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच लबाड."

"पण कधीपासून?" मी विचारलं.

तिथेच अडत होतं. साल कुणालाच सांगता येत नव्हतं. 'धाकटीला शाळेत घातली त्या वर्षी', 'थोरला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा', अशी उत्तरं. मला मात्र ती उत्तरं ऐकून बरं वाटलं, कारण त्यांचा हिशोब माझ्या शाळेत होता. गल्लीतलं प्रत्येक मूल आमच्या दाखल रजिस्टरातून गेलेलं. नव्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी कपाट उघडून दिलं. आम्ही दोघींनी आठ दिवस बसून धाकट्या आणि थोरल्या सगळ्यांची सालं काढली. एकेका घरापुढे एकेक तारीख लागत गेली. एकतिसाव्या घरापुढची जागा तेवढी रिकामी राहिली. ते घर मामांचं. "मला असल्या गोष्टी आठवत नाहीत," एवढंच ते म्हणाले होते.

मग निळी कारखान्याच्या फाटकावर गेली. तिथे दगडात साल कोरलेलं आहे. ते तिने कागदावर उतरवून आणलं आणि आमच्या यादीशेजारी ठेवलं.

पहिल्या घराने चाखणं सोडलं ते कारखाना उभा राहण्याच्या नऊ वर्षं आधी. तिसाव्या घराने तीन वर्षं आधी.

याचा अर्थ सरळ होता. नदी आधी गल्लीनेच कडू केली होती. डब्यातले रंग आले, उरलेला रंग रोज पायऱ्यांवरूनच पाण्यात गेला आणि त्याच पायऱ्यांवरून पाणी भरलं गेलं. कारखान्याने पुढे त्याच्या शंभरपट घाण केली, हेही अहवालांत स्वच्छ होतं. पण सुरुवात त्याची नव्हती.

निळीने हे सगळं नवव्या प्रकरणात लिहिलं. अकरा पानं. वडिलांचं नाटक, गोदामातल्या चिठ्ठ्या, एकतीस घरांची यादी, कारखान्याचा दगड. तिने मामांना आणि प्रकाशकाला एकाच दिवशी हस्तलिखित दिलं. प्रकाशकाचं उत्तर आठवड्यात आलं: पुस्तक उत्तम आहे, नववं प्रकरण काढा. दुष्ट एकच असला की वाचकाला कळतं, दोन झाले की तो गोंधळतो.

निळीने मला पत्र दाखवलं. "बाई, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. गोंधळलेलं मूल वाईट असतं का हो?"

"न गोंधळणारी मुलं मला नेहमी जड गेली," मी खरं ते सांगितलं.

रविवारी सकाळी मामांनी संघाच्या खोलीत बैठक बोलावली. ती खोली म्हणजे जुनं रंगाचं कोठार. भिंतीवर अजून उडालेले शिंतोडे आहेत आणि बसायला लाकडी बाकं. पन्नासेक माणसं होती. मला निळीने मुद्दाम नेलं होतं, रजिस्टराची साक्षीदार म्हणून. तिचे वडील मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. आई त्यांच्या शेजारी. मामा टेबलामागे उभे.

"तीन आठवड्यांनी सुनावणी आहे," मामा म्हणाले, "आणि आपल्या घरची पोरगी कारखान्याच्या वकिलाला आयतं ताट वाढून देतेय. अकरा पानं! तो उभा राहून हीच वाचणार, बाकी पुस्तक उघडणारसुद्धा नाही. काय गं, तू आहेस तरी कुणाची?"

"तुमचीच आहे मामा," निळी म्हणाली, "म्हणून तर तुमच्याबद्दल लिहिलं. परकी असते तर फक्त कारखान्याबद्दल लिहून मोकळी झाले असते."

"शब्दांत नको अडकवूस. तो वाचेल की नाही?"

"वाचू दे. कारखान्याच्या घाणीचं दहावं प्रकरणही त्याच्याच हातात असेल. आपण लपवलं आणि त्याने शोधून काढलं तर? गोदामवाल्याची बिलं अजून आहेत. मग आपल्या तोंडून आलेलं बाकीचं तरी कोण खरं मानेल?"

"नाही शोधत कुणी! पंचवीस वर्षं मी ही गल्ली सांभाळली—"

"सांभाळलीत. मी झाकत नाही म्हणून ती मोडणार नाही."

मामांनी टेबलावर हात आपटला. "भावजी! तुम्ही सांगा तुमच्या लेकीला. तुमचीच अब्रू आधी काढलीय तिने. पहिलं पान तुमचंच आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. निळीचे वडील मितभाषी माणूस. त्यांना बारीक अक्षर आता दिसत नाही. ते म्हणाले, "वाच बघू, माझं काय लिहिलंयस ते."

निळीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. गोदामवाल्यासमोर, संपादकासमोर, मामासमोर ती कधी अशी दिसली नव्हती. तिने वाचलं: "माझे बाबा आधी रोज नदी चाखायचे, आता बोट हनुवटीला लावतात आणि खोटं खोटं थुंकतात."

मी माझ्या चपलांकडे बघत होते.

"चूक आहे," वडील म्हणाले.

"पाहिलंत?" मामा म्हणाले.

"हनुवटीला नाही," वडील म्हणाले. "ओठाला. खालच्या ओठाला लावायचो. हनुवटीला लावलं की समोरच्याला लगेच कळतं. ओठाला लावलं की नाही कळत."

"आम्हाला कळायचं!" पुढच्या बाकावरून त्यांचा शेजारी, लाल रंगवाला, ओरडला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय तोंडाने बोलू? मी तरी कुठे चाखत होतो!"

कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळी खोली हसली. एकेक म्हातारा बोट ओठाला लावून दाखवू लागला, मी असं करायचो, मी तसं. एकाने तर मिशीला पुसून दाखवलं. आणि त्या गलक्यात निळीची आई शांतपणे म्हणाली, "तुमच्या तारखा राहू देत. आम्ही बायकांनी त्याच्या वर्षभर आधी त्या पाण्याचा स्वयंपाक सोडला होता. लांबच्या विहिरीवरून हंडे आणत होतो. तुम्हा कुणाला दिसलं नाही. हेही लिही."

निळीने तिथेच, कागदाच्या मागे लिहून घेतलं.

"हे हसण्यावारी नेताय तुम्ही," मामा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच उतरला होता. "ते पान पुस्तकात राहिलं, तर संघ या पुस्तकाशी संबंध ठेवणार नाही. आणि भावजी, तुमच्या घराशीही नाही."

"बाबा?" निळीने विचारलं.

"ओठ," वडील म्हणाले. "तेवढं दुरुस्त कर."

मामा निघून गेले, आणि बोलले ते त्यांनी केलं. वाळवणाचं मैदान संघाचं होतं. तिथल्या दोऱ्यांवरून निळीच्या वडिलांची जागा गेली. वडिलांनी इस्त्रीवाल्याच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या. बाजारात उभं राहिलं की सगळ्या छपरांवरून त्यांचे निळे तागे दिसत, आधी कधी दिसले नव्हते इतके.

निळीने प्रकाशकाकडून हस्तलिखित परत आणलं. पावत्या आणि बिलबुकं छापणारा एक छापखाना आहे, तिथे पुस्तक छापायला दिलं. त्या माणसाने आयुष्यात पुस्तक छापलं नव्हतं; पानांचे आकडे तो वरच्या कोपऱ्यात पावतीसारखे छापायचा, ते तसेच राहिले. प्रुफं मी तपासली. नवव्या प्रकरणाशी आले तेव्हा माझ्या हातात लाल पेन होतं. 'हनुवटीला' खोडून 'ओठाला' केलं. बाकी वाक्याला हात लावला नाही.

सुनावणीच्या आधी चार दिवस पुस्तक बाहेर आलं.

सुनावणी सरकारी इमारतीच्या लांबट सभागृहात होती. पंखे आवाज करत होते. एका बाजूला कारखान्याची माणसं, पुढे त्यांचा वकील. दुसऱ्या बाजूला गल्ली. मामा पहिल्या रांगेत, पण निळीपासून पाच खुर्च्या लांब. समोर अधिकारी बाई, चष्मा नाकावर, पुढ्यात फायलींची चळत.

मामा म्हणाले होते तसंच झालं. वकील पुस्तक हातात घेऊन उभा राहिला.

"हे कारखान्याने छापलेलं नाही," तो म्हणाला. "तक्रारदारांच्याच मुलीने लिहिलेलं आहे." आणि त्याने नववं प्रकरण वाचायला घेतलं. आवाज चांगला होता त्याचा. माझ्या विद्यार्थिनीचं गद्य कुणी इतकं नीट वाचलेलं मी ऐकलं नव्हतं. मग यादी. पहिलं घर, तारीख. दुसरं घर, तारीख. गल्लीतले लोक खाली मान घालून ऐकत होते, पण कुणी उठून गेलं नाही. तो शेवटाशी आला.

"एकतिसावं घर, संघाचे अध्यक्ष." तो थांबला आणि हसला. "इथे जागा कोरी आहे. अध्यक्षांची जीभ अजून शाबूत असावी. की आठवण गेली?"

त्याची माणसं हसली. मी निळीकडे पाहिलं. ती उठायच्या बेतात होती. तेवढ्यात पाच खुर्च्या पलीकडे मामा उभे राहिले.

"आठवण आहे," ते म्हणाले. राग नाकावर होताच, पण आज त्याचं तोंड दुसरीकडे वळलं होतं. "माझी थोरली सातवीत गेली त्या वर्षीचा जूनचा महिना. लिहून घ्या. पहिला तांबड्या रंगाचा डबा गल्लीत मीच आणला, हेही लिहून घ्या. उरलेलं पाणी पायऱ्यांवर ओतलं, ते याच हातांनी. झालं? एकतीसच्या एकतीस घरांच्या तारखा झाल्या?"

वकिलाने पान उलटलं.

"मग आता तुमची सांगा," मामा म्हणाले. "तुमच्या कारखान्यातून पाणी सुटतं. ते तुमच्यातल्या कुणी, कधी, बोट लावून तरी बघितलं? आम्ही आमच्या लबाडीची तारीख दिली. तुमची कुठल्या पानावर आहे?"

अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या वकिलाला म्हणाल्या, "पाणी सोडल्याच्या रोजच्या नोंदी तुमच्याकडे असतीलच."

"त्या... मागवाव्या लागतील."

"पहिल्या दिवसापासूनच्या मागवा. आणि आता ते दहावं प्रकरणही वाचा. तुमचा आवाज चांगला आहे."

निकाल त्या दिवशी लागला नाही. आजही लागलेला नाही. कारखान्याने अजून निम्म्याच नोंदी दिल्या आहेत. पण गल्लीने पायऱ्यांच्या वर दोन हौद बांधले आहेत आणि उरलेला रंग आता आधी तिथे मुरतो. मामांच्या परवानगीशिवाय गल्लीत एक वीट हलत नाही, यावरून काय ते समजावं. निळीच्या वडिलांना मैदानावरची दोरी परत देऊ केली, तर ते म्हणाले, गच्चीवर वारा चांगला आहे.

मामा निळीशी अजून बोलत नाहीत. म्हणजे तिच्याकडे तोंड करून बोलत नाहीत. गेल्या महिन्यात पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघायची होती, म्हणून मी प्रुफं घेऊन तिच्या खोलीवर बसले होते. एकतिसाव्या घरापुढे तिने मामांची तारीख घातली होती: जून. खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानात मामा सदरा घ्यायला आले होते. जिना उघडाच असतो.

"त्या वर बसलेल्या लेखिकेला सांगा," ते इस्त्रीवाल्याला म्हणाले, चांगलं जिन्यातून वर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "त्या दिवशी रागात जून म्हणालो. जुलै होता. छापण्याआधी नीट विचारून घ्यायला काय होतं म्हणावं लोकांना!"

निळी तोंडावर हात दाबून हसत होती. मी लाल पेनाचं टोपण काढलं.